नऊ दारांची विनवणी

चूक माझीच होती, आणि ती मी अंगठ्याने केली.

आमच्या खाडीतल्या सगळ्या घरांचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यावर हवामान येतं, शिंपल्यांना विषारी लाल पाणी लागलंय का ते येतं, कोणाची मेंढी कोणाच्या कुंपणात शिरली ते येतं. त्यावरच मी सोमवारी लिहिलं: 'शनिवारी आमच्या आईबाबांच्या घराची मिंगा. सगळ्यांनी यावं. बैल आहेत त्यांनी बैल आणावेत, बोट आहे त्यांनी बोट.' खाली पटापट अंगठे उमटले. मी मोजले, सोळा होते. म्हटलं, चला, काम झालं.

घर म्हणजे अख्खं घर, भिंती, छप्पर, जिना सगळ्यासकट. खाली ओंडके घालून बैलांनी ते किनाऱ्यापर्यंत ओढायचं, भरतीला तरंगवायचं आणि बोटी लावून खाडीपलीकडे पुएर्तो लाउरेल गावात न्यायचं. हे एका घरच्या माणसांचं काम नव्हे. म्हणून मिंगा. सगळ्या खाडीने एका घराचं ओझं ओढायचं आणि त्या घराने सगळ्या खाडीला पोटभर जेवू घालायचं.

गेल्या जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात, आई ओल्या फळीवरून घसरली आणि तिचा खुबा मोडला. दवाखाना गावात, मध्ये सात किलोमीटर पाणी, आणि उत्तरेचा वारा असा सुटलेला की दोन दिवस एकही बोट पाण्यात उतरली नाही. दोन दिवस ती स्वयंपाकघरातल्या बाकावर पडून होती आणि बाबा उशाशी बसून नुसती चुलीत लाकडं सारत होते. पुढचा हिवाळा तिने तिथे काढायचा नाही, हे मी तेव्हाच ठरवलं. गावात माझं घर आहे, दोन खोल्या रिकाम्या आहेत.

"तुझ्याकडे मी पाहुणी," आई म्हणाली. "पाहुणीला चूल नसते. येईन मी गावात, पण माझ्या घरासकट येईन."

शनिवारी मार्चच्या पौर्णिमेचं उधाण होतं, दुपारी सव्वाला. घर उचलण्याइतकं पाणी वर्षातून दोनदाच चढतं. हे चुकलं की हिवाळा, आणि आई पुन्हा त्याच बाकावर.

बुधवारी ओंडके तोडायला चार माणसं तरी यायला हवी होती. बाबा सकाळी सहापासून कुऱ्हाडीला धार लावून बसले. दहा वाजले, अकरा वाजले, कोणी फिरकलं नाही. मी ग्रुपवर विचारलं, 'येताय ना?' आणखी चार अंगठे आले.

आई काठी टेकत दारात आली. "काय गं एदिता, अंगठ्यांनी ओंडके तुटतात का?"

"सगळ्यांनी हो म्हटलंय, आई."

"हो म्हटलंय ते तुझ्या फोनला. विनवणी कोणी केली? दार कोणी वाजवलं? मिंगेला घरचा मालक जातो, बसतो, चहा घेतो आणि तोंडाने मागतो. तू तर जाहिरात लावलीस."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. मी याच खाडीत जन्मले, विनवणी करायला आलेली माणसं मी आमच्या स्वयंपाकघरात शेकड्याने पाहिली आहेत. पण बाबांना विनवणी करताना मी कधीच पाहिलं नव्हतं. लोकांच्या मिंगेला चाळीस वर्षं बैल नेणारा माणूस. स्वतःसाठी कोणाकडे खिळासुद्धा मागितला नाही. म्हणून तर मी फोन काढला. त्यांना मागायला लागू नये म्हणून केलं, आणि सगळ्या खाडीला वाटलं की तेयो ऊएन्चुरला आता दारात यायचीही लाज वाटते.

"बाबा, उद्या जावं लागेल," मी म्हटलं.

"राहू दे. इथे काय वाईट आहे?"

आई बाकावर जाऊन बसली, त्याच बाकावर, आणि काठी आडवी मांडीवर घेतली. बाबांनी थोडा वेळ कुऱ्हाडीच्या पात्यावर अंगठा फिरवला. नंतर ते उठले आणि चर्चला घालायचा कोट ब्रशने झाडायला लागले.

आता माझा धंदा सांगते. मी पर्यटकांना लाँचमधून खाडी दाखवते. गुरुवारी माझं एक गिऱ्हाईक ठरलेलं होतं, सान्तियागोचं शिक्षक जोडपं, इग्नासिओ आणि मकारेना. धबधबे, डॉल्फिन आणि दुपारी शिंपल्यांचं जेवण. बाबांच्या होडीने नऊ घरं करायला तीन दिवस लागले असते आणि ते आमच्याकडे नव्हते. तेव्हा मी दोन्ही कामं एकाच डिझेलमध्ये बसवली. बाबा कोट घालून, टोपी मांडीवर घेऊन लाँचच्या पुढच्या टोकाला, नाळेजवळ बसले. मकारेनाने मला हळूच विचारलं, "हे आजोबा कोणाच्या लग्नाला चाललेत?"

"स्वतःच्या घराच्या," मी म्हटलं.

पहिलं दार बाउदिलिओचं. बाबांचा लहानपणापासूनचा दोस्त, सहा बैलांचा मालक. त्याने आम्हा सगळ्यांना चुलीपाशी बसवलं आणि यर्बाचा कडू चहा सुकवलेल्या भोपळ्यात भरून, नळी घालून, एकेकाच्या हातात द्यायला सुरुवात केली. इग्नासिओने पहिला घोट घेतला आणि शहरी शिस्तीत म्हणाला, "आभारी आहे." आभार मानले म्हणजे आता नको, बाउदिलिओने भोपळा पुन्हा त्याच्याकडे वळवलाच नाही. बिचारा अर्धा तास बाकीच्यांचे घोट मोजत बसला.

बाबा पावसावर बोलले. बटाट्याच्या किडीवर बोलले. बाउदिलिओच्या गायीच्या खुरावर तर इतकं बोलले की मला वाटलं आता हे गुरांचे डॉक्टर म्हणून इथेच राहतात. मी टेबलाखालून त्यांच्या बुटावर बूट दाबला.

"तर, बाउदिलिओ," बाबा म्हणाले आणि थांबले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "मी विनवणी करायला आलोय."

"मग तासभर माझ्या गायीच्या पायात काय शोधत होतास?" बाउदिलिओ म्हणाला. "येतो की. सहाही बैल आणतो. तुला पंचाहत्तराव्या वर्षी तोंड फुटलं, हे बघायला तरी येतोच." मग त्याचा आवाज खाली आला. "पण तेयो, एर्सिराकडे गेलास का?"

बाबांनी टोपी घातली आणि म्हणाले, "बघू."

त्या दिवशी आम्ही प्रत्येक दारात हेच ऐकलं. येतो, पण एर्सिराकडे गेलात का? येतो, एर्सिरा काय म्हणाली? विनवणीचं वाक्य बाबांना दाराबरोबर सोपं होत गेलं. पाचव्या दारात तर ते चहाच्या आधीच म्हणून मोकळे झाले आणि तिथल्या म्हातारीने त्यांना घाई केल्याबद्दल झापलं. पण एर्सिराचं नाव निघालं की ते टोपी घालून उठायचे.

एर्सिरामावशी म्हणजे आमच्या खाडीतली शिंपल्यांची मालकीण. पाण्यावर तिच्या पिंपांच्या रांगाच्या रांगा आहेत, आणि खाली दोरांना लगडलेले काळे शिंपले. तिच्या कामाच्या बोटीचं इंजिन एवढं ताकदीचं की बाकीच्या सगळ्या बोटी एकत्र केल्या तरी बरोबरी होत नाही. ती बोट असली तर घर तासात पलीकडे. ती आणि बाबा तेवीस वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत.

दारांच्या मध्ये मी माझं कामही करत होते. 'नवरी' धबधब्याखाली लाँचची नाळ घातली आणि किटली भरून घेतली. मकारेना चिंब भिजली आणि मोठ्याने हसली. आदल्या रात्री पाऊस झाला होता, त्यामुळे कड्यांवरून बारीकसारीक पाणीही सुटलेलं होतं. इग्नासिओने बावीस धबधबे मोजले आणि मग नाद सोडला. एका वळणावर डॉल्फिन आले, पाच-सहा, नाळेच्या पुढे पुढे. बाबा वाकून त्यांच्याशी काहीतरी पुटपुटत होते. मी इंजिन मंद करून ऐकलं.

"मी विनवणी करायला आलोय," ते पाण्याला सांगत होते. "एर्सिरा, मी विनवणी करायला आलोय."

मी इंजिन पुन्हा वाढवलं, मी ऐकलं ते त्यांना कळू नये म्हणून.

शेवटचं दार एर्सिरामावशीचं, आणि ते दार नव्हतंच. ती दिवसभर तिच्या तराफ्यावर असते. तराफ्याच्या कडेला एक लठ्ठ समुद्रसिंह ऊन खात पडलेला होता; आम्ही जवळ गेलो तरी त्याने एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला. मागे काठावर तिचं घर दिसतं. त्या घराचं स्वयंपाकघर एका अंगाला कललेलं आहे, तेवीस वर्षांपासून. नवरा समुद्रात बुडाल्यावर तिने डोंगरावरचं घर काठाला आणायचं ठरवलं होतं, आणि मिंगेची विनवणी करायला ती आमच्या दारात आली होती. बाबा हो म्हणाले होते. त्या दिवशी सगळी खाडी गेली आणि बाबा गेले नाहीत. उताराच्या अंगाला त्यांच्या बैलजोडीची जागा रिकामी राहिली, घर तिकडे घसरलं आणि स्वयंपाकघराची चौकट पिळवटली. मी तेव्हा पुएर्तो मोंतला मासळीच्या कारखान्यात कामाला होते. नंतर विचारलं तर बाबा म्हणाले, "तू पडू नकोस त्यात."

मावशी केशरी एप्रन घालून दोरावरचे शिंपले चाकूने सोडवत होती. तिने बाबांकडे पाहिलं नाही. पाहुण्यांना मात्र बाकावर बसवलं, भलंमोठं पातेलं पुढ्यात ठेवलं, वाफाळलेले शिंपले, लिंबू, बटाट्याच्या जाड भाकऱ्या.

"खा पोरांनो. एदिता, साहेबांना रस्सा दे. बाईंना भाकरी."

बाबा टोपी हातात घेऊन उभे होते. कोणी त्यांना बस म्हटलं नाही. शिंपल्यांवर चाकू फिरल्याचा तेवढा आवाज येत होता.

"माणसं जेवताहेत, तेयो," मावशी खालमानेने म्हणाली. "कशाला आलास ते सांग आणि मोकळा हो."

"मी विनवणी करायला आलोय."

"कोणाची?"

"तुझी, एर्सिरा."

"आणि मी हो म्हटलं आणि आलेच नाही तर?"

बाबांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मला वाटलं आता हे वळणार आणि लाँचमध्ये जाऊन बसणार. मी उठायच्या तयारीत होते.

"माझा बैल मेला होता," ते म्हणाले.

चाकू थांबला. "कोणता बैल?"

"तांबडा. तुझ्या मिंगेच्या आदल्या दिवशी. पावसात मीच त्याला लाकडं ओढायला नेलं होतं. नको नेऊ म्हणून ओर्फेलिना ओरडत होती. घळीत घसरला. मान मोडली."

"तू तर सगळ्यांना सांगितलंस, विकला म्हणून."

"हो."

"का?"

"खाडीत म्हणायचे, जोडी बघावी तर तेयोची. एक बैल घेऊन कोणत्या तोंडाने येणार होतो? सकाळी निघालो होतो मी, एर्सिरा. वेशीपर्यंत आलो होतो. मग परत फिरलो." त्यांनी टोपीची कड चाचपली. "ओर्फेलिनाला म्हटलं, कोणाला सांगू नकोस. तिने नाही सांगितलं."

मी माझ्या आईचा विचार करत होते. तेवीस वर्षं नवऱ्याची लाज पोटात घेऊन बसलेली ती बाई, आणि मी तिला भोळी समजत आले.

मावशीने एप्रनला हात पुसले. हात पुसायला तिला फार वेळ लागला. "तेवीस वर्षं मला वाटलं, नवरा नसलेल्या बाईच्या घराला हात लावायला तुला कमीपणा वाटला."

"नाही गं. शपथ. नाही."

"आणि दोर होता ना, तेयो? शंभर हात दोर होता. त्याला दोन हात लावायला बैल कशाला लागतो?"

बाबांनी मान खाली घातली आणि लहान मुलासारखे उभे राहिले. मला त्यांचा राग आला आणि त्यांना जवळही घ्यावंसं वाटलं, दोन्ही एकदमच.

मावशीने एक थाळी भरली, त्यांच्या हातात दिली. "गार होतंय. खा." आणि पुन्हा चाकू उचलून म्हणाली, "शनिवारी माझी बोट शिंपले काढायला लावलेली आहे. बघते."

आमच्या खाडीत 'बघते' याचा अर्थ काहीही होतो. परत येताना इग्नासिओने घसा खाकरून विचारलं, "एदिताबाई, हे सगळं तुमच्या सहलीत रोज असतं का?"

"नाही," मी म्हटलं. "आजच होतं."

दोघं शुक्रवारी परत जाणार होती, तिकिटं बदलून मंगळवारपर्यंत थांबली. शुक्रवारी ओंडके तोडायला चौदा माणसं आली. इग्नासिओला धरून साडेचौदा म्हणा.

शनिवारी सकाळी आमच्या काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. अकरा बैलजोड्या, नऊ बोटी, आणि प्रत्येक घरातून एकेक शहाणा, जो स्वतः काही न उचलता बाकीच्यांना कसं उचलायचं ते सांगतो. खिडक्या-दारं काढून ठेवली, आतून टेकू दिले, चारी बाजूंनी रिकामी पिंपं बांधली. आई किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसली होती आणि काठीने सूचना देत होती. "अरे हळू, भिंत आहे ती, बोकड नाही." बैल वाकले, ओंडके करकरले, आणि माझा जन्म ज्या घरात झाला ते घर उतारावरून चालायला लागलं. बारा वाजता त्याचा पुढचा पाया पाण्याला लागला.

पाणी चढत होतं. मी दर दोन मिनिटांनी खाडीच्या वळणाकडे बघत होते; सगळेच बघत होते, फक्त बाबा सोडून. साडेबारा झाले. पाऊण झाला. एर्सिरामावशीची बोट दिसत नव्हती.

"नाही यायची ती," बाउदिलिओ म्हणाला. "लहान बोटी लाव, तेयो. ओढलं तर ओढलं. पाणी थांबणार नाही."

"थोडं थांबू," बाबा म्हणाले.

"दहा मिनिटं उशीर झाला तर ओर्फेलिना आणखी एक हिवाळा इथे काढेल. कळतंय का तुला?"

"कळतंय," बाबा म्हणाले. त्यांनी आईकडे पाहिलं. आईने मानेने हो म्हटलं, आणि बाबा म्हणाले, "लावा."

नऊ बोटी एकामागे एक बांधल्या, सगळ्यात पुढे माझी लाँच. पण चिखलातून घर सुटण्यासाठी काठावरूनही जोर हवा होता. बैल आता पाण्यात जाईनात, म्हणून माणसांनी बाजूचे दोन दोर धरले, गुडघाभर पाण्यात. उताराच्या अंगाचा दोर बाबांनी धरला, सगळ्यात पुढे. मी लाँचमध्ये सुकाणू धरून मागे वळून बघत होते.

तेव्हा वळणावरून एक होडी आली. इंजिन नसलेली, वल्ह्यांची. आत एकच माणूस होतं, केशरी एप्रन घातलेलं.

सदुसष्ट वर्षांची बाई. तिच्या तराफ्यापासून आमच्या काठापर्यंत नऊ किलोमीटर आहे. तिने होडी काठाला घातली, स्कर्ट ओला झाला तरी पर्वा न करता पाण्यात उतरली आणि सरळ बाबांपर्यंत चालत गेली. धाप लागली होती. तळहात सोलून निघाले होते. सगळे गप्प झाले, म्हणून ती काय बोलली ते मला लाँचमधूनही ऐकू आलं.

"माझा बैल मेला, तेयो," ती म्हणाली. "आज सकाळी सातला निघाले आणि इंजिन फुटलं. आता पिंपांच्या एक्केचाळीस रांगांच्या मालकिणीने रिकाम्या हाताने कसं यायचं, सांग."

बाबा रडत होते. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं, आजीच्या मातीलाही नाही.

"रडतोस काय, सरक," मावशी म्हणाली.

बाबांनी दोरावरचे हात मागे नेले आणि पुढची जागा तिला दिली. बाउदिलिओने हाक घातली. सगळ्यांनी दोरावर अंगाचा भार टाकला, मी इंजिनाला होता नव्हता तेवढा जोर दिला, आणि चिखलाने एकदा मोठा आवाज करून घर सोडलं. ते पाण्यावर थोडं डोललं आणि सरळ झालं.

पलीकडे पोचायला तासाऐवजी साडेतीन तास लागले, कारण ओढायला आमच्या लहानलहान बोटीच होत्या. आई माझ्याजवळ बसली होती आणि घरावरून नजर काढत नव्हती. बाबा आणि एर्सिरामावशी तिच्या होडीतून सगळ्यांच्या मागे येत होते. वल्ही बाबांच्या हातात होती, आणि बोलत मावशीच होती.